तीस यंत्रं, एक फाइल

संगणक प्रयोगशाळेतली लिनक्सची तीस यंत्रं पहिल्या दिवशी अगदी सारखी असतात. महिन्याभरात एकावर नवा ब्राउझर, दुसऱ्यावर जुनाच, तिसऱ्यावर कुणीतरी सेटिंग बदलून ठेवलेलं. प्रत्येकासमोर बसून तेच काम तीसदा करायचं, तर चूक ठरलेलीच.

ओस्लो विद्यापीठात मार्क बर्जेस यांनी १९९३ साली यावर उपाय म्हणून सीएफइंजिन नावाचं सॉफ्टवेअर लिहिलं. त्यातला विचार आजही टिकून आहे: यंत्राला कृती सांगू नका, स्थिती सांगा. ‘हे पॅकेज बसव’ असं नव्हे, तर ‘हे पॅकेज असलंच पाहिजे’. असेल तर हात लावायचा नाही, नसेल तर बसवायचं. म्हणून तीच आज्ञा दहादा चालवली तरी बिघडत नाही. २०१२ मध्ये आलेलं ॲन्सिबल हेच काम एसएसएच या सुरक्षित दूरस्थ जोडणीवरून करतं. यंत्रांवर वेगळा एजंट लागत नाही; पायथन असलं की बहुधा भागतं. सगळ्या अपेक्षा साध्या मजकुराच्या फाइलमध्ये. ती गिटमध्ये ठेवली, की कुणी काय बदललं तेही कळतं.

डिस्कची हुबेहूब प्रत काढणं सोपं वाटतं खरं. पण मग मशीन-आयडी आणि एसएसएचच्या किल्ल्याही सारख्याच होतात, आणि कधीकधी दोन यंत्रं नेटवर्कवर एकाच पत्त्यासाठी भांडतात. म्हणून आयडी आणि किल्ल्या प्रत्येक यंत्रावर नव्याने तयार करायला हव्यात. माझं मत विचाराल, तर प्रत पहिल्या दिवसापुरती, पुढे ॲन्सिबल. आणि इंटरनेट संथ असेल, तर प्रयोगशाळेतच एपीटी-कॅशर-एनजी बसवा. डेबियन किंवा उबुंटूचं पॅकेज बाहेरून एकदाच उतरतं, उरलेली यंत्रं ते तिथूनच घेतात.