शाळेची विहीर व नदीचे पाणलोट क्षेत्र
(कट्टा, तालुका मालवण, येथे प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेले व्याख्यान)



ज्या कट्टा गावी आपण आज जमलो आहोत, त्याच्या उत्तरेस गड नदी व दक्षिणेस कर्ली नदी वाहते. दोघीही सह्याद्रीत उगम पावून, थोडकेच अंतर तोडून समुद्रास मिळतात; गड कालावलच्या खाडीतून, तर कर्ली देवबागेजवळ. आपल्या जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. १०० चौरस मीटर छपराच्या शाळेवर पडणारे पाणीच ३ लाख लिटर भरेल. तरीही वैशाखात आपल्या विहिरी तळ गाठतात. असे का व्हावे?

पाऊस पडतो चार महिने, उतार तीव्र, आणि जांभा दगड सच्छिद्र. सड्यावर पाणी लवकर मुरते. तितक्याच लवकर ते पायथ्याच्या झऱ्यांतून वहाळात व तेथून नदीत निघून जाते. उन्हाळ्यात गोड्या पाण्याचा जोर ओसरला व उपसा वाढला, की खाडीकाठी खारे पाणी आत सरकते.

या सच्छिद्रतेची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. पोकळ्यांतून वेगाने जाणारे पाणी पुरेसे गाळले जात नाही. वरच्या अंगास संडासाचा खड्डा वा उकिरडा असेल, तर त्यातील घाण पावसाबरोबर खालच्या विहिरीत उतरते. नितळ पाणी निर्जंतुक असतेच असे नाही. हगवण व कावीळ यांचे मूळ डोळ्यांस दिसत नाही, आणि त्याची झळ प्रथम बालकांस लागते.

येथे शाळेचे कर्तव्य सुरू होते. दर शनिवारी शिक्षकांनी खुणांची दोरी विहिरीत सोडावी. मुलांनी कठड्यापासून दूर राहून आकडा वहीत नोंदवावा. त्रिज्येचा वर्ग, ३.१४ व पाण्याची खोली यांचा गुणाकार म्हणजे गोल विहिरीतील पाण्याचे घनफळ. ३ मीटर व्यासाच्या विहिरीत ४ मीटर पाणी असल्यास ते सुमारे २८००० लिटर होते. ब्लीचिंग पावडर किती घालावी, हे आरोग्यसेवकास याच आकड्यावरून ठरवावे लागते. गणिताचा याहून उपयुक्त धडा कोणता?

विहीर शाळेच्या आवारात असली, तरी तिचे पाणी साऱ्या उतारावरून येते. हे ज्या मुलास उमगेल, तो वहाळात केर टाकताना हात आवरील व घरच्यांसही आवरावयास सांगेल. वहीतील पहिली नोंद येत्या शनिवारीच व्हावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.