स्वागताध्यक्षांचे भाषण : वय, दाह आणि आपली हवा

सन्माननीय अध्यक्ष, संशोधक आणि लांबून आलेल्या ज्येष्ठ मंडळींनो, नोएडात आपले मनःपूर्वक स्वागत. 1976 साली वसलेल्या या नगराला इतिहास नाही, असे म्हणणाऱ्यांनी इथल्या गोल्फ कोर्सवरचा स्मृतिस्तंभ पाहावा. 11 सप्टेंबर 1803 रोजी शिंद्यांची फौज याच यमुनाकाठी लॉर्ड लेकच्या इंग्रजी सैन्याशी लढली, हरली आणि दिल्ली इंग्रजांकडे गेली. परतण्यापूर्वी प्रत्येक मराठी पाहुण्याने तिथे दोन मिनिटे थांबावे, ही विनंती. जवळच, सेक्टर 39 मध्ये, आमचे खरे भूषण आहे : राष्ट्रीय कर्करोग प्रतिबंध व संशोधन संस्था. 1979 साली दिल्लीच्या मौलाना आझाद वैद्यकीय महाविद्यालयात पेशी-संशोधन केंद्र म्हणून तिची सुरुवात झाली. गर्भाशयमुखाच्या पेशी अलगद खरवडून काचपट्टीवर पसरायच्या, रंगवायच्या आणि आजार होण्याआधीच त्याची चाहूल शोधायची. कर्करोग वेळेआधी गाठता येतो, हा या कामामागचा विश्वास, आणि आजच्या विषयाशी आमच्या गावाचे नाते तेवढेच, पण पक्के.

वय झाले की कर्करोग व्हायचाच, त्याला इलाज काय, असे पुष्कळजण म्हणतात. वयाबरोबर पेशींत जनुकीय बदल साचतात, प्रतिकारशक्ती मंदावते आणि शरीरात बारीक दाह धुमसत राहतो, हे खरेच. पण लंडनच्या चार्ल्स स्वॉन्टन यांच्या गटाने 2023 साली दाखवले की निरोगी फुप्फुसातही असे बदल झालेल्या पेशी निपचित असतात, हवेतील पीएम 2.5 या अतिसूक्ष्म कणांमुळे इंटरल्यूकिन-1 बीटा हा दाहक रेणू वाढतो आणि त्या पेशी गाठीकडे वळतात. हे प्रयोग उंदरांवरचे, असा आक्षेप येईल. मात्र इंग्लंड, दक्षिण कोरिया आणि तैवानमधील रुग्णांची आकडेवारीही त्याच दिशेने बोलते. मग दाहावर सर्वांना औषधच का देऊ नये? 2017 साली प्रसिद्ध झालेल्या कॅन्टोस चाचणीत दहा हजारांवर हृदयरुग्ण होते. हाच रेणू रोखल्यावर फुप्फुसाचा कर्करोग कमी आढळला, पण प्राणघातक जंतुसंसर्ग वाढले. जो दाह छळतो तोच जंतूंशी लढतोही. म्हणून वय हाती नसले तरी धूर आणि तंबाखू हाती आहेत, आणि दिल्ली परिसराने आपली ताकद आधी तिथे लावावी, असे माझे ठाम मत आहे.

सभागृहात हवा शुद्ध करणारी यंत्रे आहेत, पण भोजनमंडप उघड्यावर आहे. दम्याच्या पाहुण्यांची पाने आतच वाढली जातील. चाकाच्या खुर्चीसाठीचा उतार मागच्या दारी आहे, निवासाच्या खोल्या अपुऱ्या आहेत, गरम पाणी सकाळी आठपर्यंतच मिळेल. या साऱ्यांबद्दल क्षमा असावी. ज्या मराठी कुटुंबांनी पाहुणे घरी उतरवून घेतले, ज्या रहिवासी संघटनांनी गाड्या आणि पांघरुणे दिली, ज्या व्यापारी बंधूंनी शिधा पुरवला आणि ज्यांनी नाव न सांगता देणग्या धाडल्या, त्या सर्वांचे समितीवर ऋण आहे. अध्यक्ष महोदयांनी आता परिषदेची सूत्रे हाती घ्यावीत.