तार दारापर्यंत आली, माजघरात पोचली नाही
(युवक मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



समितीच्या व्यासपीठावर राऊटर आणि वायफायवर भाषण कशाला, असे काही ज्येष्ठांना वाटत असेल. १९४६ साली याच बेळगावात माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरले आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. तो गावोगाव पोचला वर्तमानपत्रांतून आणि माणसांच्या तोंडून. आज महाराष्ट्र शासनाने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या मूळ दावा क्रमांक ४ ची तारीख लागली की नाही, हे न्यायालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. तरीही आमच्याकडे दरवेळी चौकातल्या अफवेवर चर्चा रंगते. मराठी विश्वकोशाचे खंड फुकट वाचता येतात, बालभारतीची पुस्तके उतरवून घेता येतात. शेताचा उतारा कन्नडमध्ये येतो, तो मोबाईलच्या कॅमेऱ्याखाली धरला तर अर्थ निदान अंदाजाने तरी कळतो. २०२० साली शाळा बंद झाल्या, तेव्हा रेंजसाठी पोरे गच्चीवर नि माळावर जाऊन बसली. आता बऱ्याच घरांत फायबरची तार आली आहे. पण ती सोप्यात येऊन थांबते आणि अभ्यासाचे पोर आतल्या खोलीत बसते. महिन्याचे पैसे मात्र पूर्ण घराचे जातात.

आम्ही गेल्या काही महिन्यांत कार्यकर्त्यांच्या घरी जाऊन हे पाहिले. बहुतेक ठिकाणी नवे काही विकत घ्यावे लागले नाही.

आधी दोष कुठे आहे ते शोधा. राऊटरपासून चार हातांवर उभे राहून मोबाईलवर वेग मोजा, मग त्याच मोबाईलवर आतल्या खोलीत मोजा. राऊटरजवळच वेग कमी असेल तर दोष लाईनचा किंवा योजनेचा आहे. तिथे वायफायवर खर्च करणे म्हणजे विहीर आटली असताना नवी घागर घेणे. जवळ वेग चांगला आणि आत कमी असेल, तरच पुढचे ऐका.

आपली घरे कशी आहेत ते ध्यानात घ्या. निपाणीकडच्या जुन्या वाड्यांना हात-दीड हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती. खानापूरकडे मातीची घरे. शहापूर-वडगावात एकाला एक चिकटलेली घरे, त्यात यंत्रमाग. राऊटरची लहर जाड भिंतीत विरते आणि पत्र्यावर आपटून परतते. लोखंडी कपाट, फ्रिज, आरसा, पाण्याची टाकी, हे सगळे तिचे वैरी. आणि आपण राऊटर ठेवतो कुठे? टीव्हीच्या मागे नाहीतर भिंतीतल्या कोनाड्यात! कोनाडा दिव्यासाठी चांगला. राऊटरला तो तीन बाजूंनी भिंत घालतो. जोडणीचा माणूस येईल तेव्हा त्याला दारातच तार तोडू देऊ नका. चहा पाजा, पण तार घराच्या मध्यावर घ्यायला लावा. फायबर काटकोनात मोडायची नाही, मोठे वळण द्यायचे. राऊटर माणसाच्या डोक्याच्या वर, उघड्यावर ठेवा. माडी असेल तर दोन अँटेनांपैकी एक उभी, एक आडवी ठेवून पाहा.

आजच्या बऱ्याच राऊटरांत दोन पट्टे असतात. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंतीतून जास्त आत जातो, पण वेग कमी. ५ गिगाहर्ट्झचा वेगवान, पण भिंत दिसली की दमतो. म्हणून टीव्ही सोप्यातच असेल तर त्याला ५ वर जोडा आणि आतल्या खोलीतल्या पोराला २.४ मोकळा ठेवा. दाट वस्तीत शेजाऱ्यांचे राऊटर एकमेकांत बोलतात, तिथे २.४ वर १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीचा चॅनेल निवडायचा. एवढे तिन्ही एकमेकांवर चढत नाहीत. गल्लीने ठरवून वाटून घेतले तर उत्तमच. समितीच्या गटांत जमत नाही ते राऊटरच्या बाबतीत तरी जमावे.

इतके करूनही मागची खोली कोरडी राहिली तर जुना राऊटर शोधा. कंपनी बदलताना बाजूला पडलेला एखादा माळ्यावर असतोच. तो कंपनीला परत करायचा नाही ना, एवढे पाहून घ्या. त्याला नव्या राऊटरपासून नेटवर्कची तार न्यायची, दोन्हीकडे लॅनच्याच भोकात. जुन्याचा पत्ता बदलायचा, त्यातले डीएचसीपी बंद करायचे, नाव आणि पासवर्ड पहिल्यासारखेच द्यायचे. ही तार शंभर मीटरपर्यंत चालते. खर्च फक्त तारेचा. ती पूर्ण तांब्याची घ्या. मात्र एका घरातून दुसऱ्या घरात ती उघड्यावरून टाकू नका. वळवाच्या विजेत दोन्ही घरांची यंत्रे जातील.

दुकानदार मात्र आधी रिपीटर दाखवतो. हजार-दीड हजारात येतो, भिंतीत खोचला की झाले. पण साधा रिपीटर एकाच पट्ट्यावर घेतो आणि त्याच पट्ट्यावर देतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. घ्यायचाच तर अर्ध्या वाटेवर लावा. लहरच पोचत नाही त्या खोलीत लावला तर तो तरी काय देणार? खोक्यावरच्या मोठ्या आकड्यालाही भुलू नका, तो सगळ्या पट्ट्यांची बेरीज असतो.

वीज जाते, हे सांगायला नको. राऊटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. घेण्यापूर्वी जुन्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर लिहून न्या. बहुतेक १२ व्होल्ट असतात, पण सगळे नव्हेत.

आता एक मागणीची बाब. भारतनेटची योजना २०११ साली मंजूर झाली, ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्यासाठी. आपल्या पंचायतीत ती तार चालू आहे का आणि मराठी शाळेपर्यंत का येत नाही, हे ग्रामसभेत विचारा आणि उत्तर लेखी मागा. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने पीएम-वाणी योजना मंजूर केली. तिच्यात किराणा दुकानदारालाही परवाना वा नोंदणी शुल्काशिवाय सार्वजनिक वायफाय देता येते. वाचनालयांनी याचा विचार जरूर करावा. घरचा पासवर्ड मात्र गल्लीत वाटू नका. काही भानगड झाली तर विचारणा जोडणी ज्याच्या नावावर त्याच्याकडे होते.

भाषण संपल्यावर मागच्या टेबलावर आमची दोन मुले बसणार आहेत. ज्यांना अडचण आहे त्यांनी कागदावर घराचा साधा आराखडा काढून द्यावा. राऊटर कुठे, लोखंडी कपाट कुठे आणि पोर अभ्यासाला कुठे बसते, एवढे लिहावे. जुने राऊटर पडून असतील तर तेही आणावेत, अडॅप्टरसकट.

जय महाराष्ट्र!