नारायणगावचे दोन महिने
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला ‘करिअर’ या विषयावर दहा मिनिटं बोलायला सांगितलं आहे. सॉफ्टवेअरच्या नोकरीत वीस-बावीस वर्षं काढलेल्या माणसाकडे त्याबद्दल सांगण्यासारखं फार नसतं. दिवसभर पडद्याकडे बघायचं, संध्याकाळी मान धरते. म्हणून मी नोकरीच्या आधीच्या एका उन्हाळ्याबद्दल बोलणार आहे. शेवटी तुमच्याकडे एक मागणं आहे. ते आधीच सांगून ठेवते, म्हणजे मध्येच कोणी जेवायला उठणार नाही.

साल २००२. लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठात माझं इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष संपत आलं होतं. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवर मे-जून असे दोन महिने काम करायला निवड झाल्याचं पत्र आलं. घरात पहिला प्रश्न, खोडद कुठे आलं? जुन्नर तालुक्यात, नारायणगावच्या पुढे आत पंधराएक किलोमीटर. आजी लगेच म्हणाली, “नारायणगाव म्हणजे तमाशाचं ना गं?” तिचं बरोबरच होतं. विठाबाई नारायणगावकर त्याच वर्षी जानेवारीत गेल्या होत्या. जत्रांसाठी तमाशाची सुपारी द्यायला गावोगावची मंडळी नारायणगावच्या राहुट्यांवर येतात. आपल्याकडे सुपारी वाडीत होते, तिकडे ती तमाशाला देतात, एवढाच काय तो आमच्या घराचा नारायणगावशी संबंध.

बाबांनी माझ्या अभ्यासाबद्दल किंवा दुर्बिणीबद्दल एकही शंका काढली नाही. त्यांचा प्रश्न साधा होता. “ओळख ना पाळख, राहणार कुणाकडे?” दुसरा प्रश्न त्यांनी मोठ्याने विचारला नाही, पण मला ठाऊक होता. विद्यावेतन काम संपताना हातात पडणार, आणि वाडीचे पैसे यायला अजून अवकाश होता. मधले दोन महिने कशावर काढायचे?

पुढे जे झालं ते इथे पहिल्या रांगेत बसलेल्या आपल्या विज्ञानाच्या सरांमुळे. सर, नको म्हणू नका, आज मी सांगणारच. सरांचे कॉलेजातले एक मित्र जुन्नरकडे शिक्षक होते. सरांनी त्यांना एक पोस्टकार्ड टाकलं. आठ-दहा दिवसांत उत्तर आलं: नारायणगावात एक काकू आहेत, मुलगा मुंबईला असतो, एक खोली रिकामी आहे, जेवण घरचं. निघायच्या आदल्या दिवशी सरांनी पाकिटात दीड हजार रुपये घालून दिले आणि म्हणाले, “पहिला पगार झाला की परत कर.” २००२ सालचे दीड हजार, आणि शिक्षकाच्या पगारातले.

मुरुड ते अलिबाग, अलिबाग ते पुणे, शिवाजीनगर स्टँडवरून नारायणगाव. बाबा सोडायला आले, काकूंच्या हातचा चहा घेतला, ओटीवर थोडा वेळ नुसते बसले आणि परतीच्या एसटीला गेले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आपल्याला समुद्राची गाज ऐकू येते असं आपण पाहुण्यांना सांगतो, पण खरं म्हणजे आपल्याला ती ऐकू येत नाही. ती बंद झाली की कळते. तिच्या जागी तिथे पुणे-नाशिक रस्त्यावरचे ट्रक. हवा कोरडी, ओठ फुटायचे. काकू म्हणाल्या, “आज कालवण-भाकरी आहे.” कालवण म्हटल्यावर माझ्या तोंडाला पाणी सुटलं, आणि ताटात आलं मटकीचं कालवण. चवीला उत्तम होतं. पण शब्द आपला आणि वाटीत मासा नाही, हे पचायला आठवडा गेला. पुढे काकूंच्या हातची बाजरीची भाकरी इतकी अंगवळणी पडली की घरी आल्यावर आईला जरा रागच आला.

आता दुर्बीण. डोळा लावून बघायची दुर्बीण नव्हे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. त्यांतल्या चौदा खोडदला जवळजवळ, आणि सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या तीन फांद्यांवर, शेतांमधून, गावांजवळून, पंचवीस किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. सगळ्या मिळून एकच दुर्बीण म्हणून काम करतात. तबकडी पत्र्याची नाही, स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारांच्या जाळीची आहे. कोळीवाड्यातल्या माणसाला हे लगेच कळेल. भोक माशापेक्षा लहान असलं की मासा जाळ्यातून जात नाही. इथे भोक दहा ते वीस मिलिमीटरचं आणि रेडिओलहर त्याहून कितीतरी लांब, म्हणून लहर परावर्तित होते. वारा मात्र आरपार जातो, त्यामुळे तबकडी हलकी आणि स्वस्त करता येते. ही युक्ती प्रा. गोविंद स्वरूप यांची. त्यांनी १९६५ मध्ये कल्याणला ऑस्ट्रेलियाहून आलेल्या बत्तीस छोट्या तबकड्या उभ्या करून भारतातल्या रेडिओ खगोलशास्त्राची सुरुवात केली होती. कल्याण! आपण तिथे फक्त गाडी बदलतो.

माझं काम गोंगाट ओळखायचं. आकाशातून येणारा संदेश इतका क्षीण असतो की माणसाने केलेली कुठलीही खरखर त्याला बुडवते. त्यासाठीच डोंगरांच्या आडोशाची ही शांत जागा निवडलेली. तरीही विजेच्या तारांवर ठिणगी उडते, कुठे काही बिघडतं. नोंदींमधले असे खराब तुकडे शोधणारा प्रोग्राम मी सी भाषेत लिहीत होते. एकदा तिथल्या लोकांबरोबर गोंगाटाचा माग काढत एका वस्तीवर गेले. दोषी निघाला टीव्हीच्या अँटेनाचा बूस्टर. तो बिघडला की नुसता संदेश वाढवत नाही, स्वतःच ओरडायला लागतो. घरधनी म्हणाले, “म्हणजे आमच्या टीव्हीचा ताऱ्यांना त्रास होतो?” बरोबरच्या तंत्रज्ञांनी अगदी गंभीरपणे हो म्हटलं. मग बूस्टर दुरुस्त झाला आणि आम्हाला ताक मिळालं. मी आजही पोटासाठी तेच करते, फक्त बँकांच्या व्यवहारांतला गोंगाट शोधते. तिथे कोणी ताक देत नाही.

एक दिवस तिथल्या एका ज्येष्ठ शास्त्रज्ञांनी विचारलं, “मुरुडची ना तू? मग अलिबागची चुंबकीय वेधशाळा पाहिली असशील.” मी तिच्यासमोरून शंभर वेळा एसटीने गेले होते. त्यांनी सांगितलेली गोष्ट अशी. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी मुंबईत कुलाब्याला १८४१ पासून घेतल्या जात होत्या. मुंबईत विजेवरची ट्राम येणार असं ठरलं, आणि तिच्या विजेने नाजूक उपकरणं बिघडणार हे संचालक नानाभाई मूस यांनी ओळखलं. त्यांनी १९०४ मध्ये अलिबागला चुंबकाला त्रास न देणाऱ्या साहित्याची इमारत उभी केली आणि १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी मालिका नव्या जागी न तुटता जोडली जाईल. ट्राम धावली १९०७ मध्ये. आपल्या जिल्ह्यातली ही हकिगत मला कळली ती घाट चढून गेल्यावर.

मूस यांची ती दोन वर्षं मला फार आवडतात. जागा बदलायची तर आधी नव्या जागी कोणीतरी आपल्या बाजूने उभं करून ठेवायचं. माझ्यासाठी ते काम एका पोस्टकार्डाने केलं.

आता मागणं. आज उन्हाळी संशोधनाच्या संधी आमच्या वेळेपेक्षा पुष्कळ आहेत. टीआयएफआर विद्यार्थ्यांना बोलावते. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून दोन महिन्यांची शिष्यवृत्ती देतात, आणि ती शिक्षकांनाही मिळते. इथे बसलेल्या तरुण शिक्षकांनी याची नोंद घ्यावी. अर्ज ऑनलाइन भरता येतो. पण मागच्या वर्षी आपल्याच शाळेतून गेलेल्या एका मुलीची बंगळुरूला निवड झाली आणि ती गेली नाही. वसतिगृहात जागा नव्हती, बाहेरच्या खोलीला तीन महिन्यांचं डिपॉझिट मागत होते, आणि तिच्या बाबांचा प्रश्न माझ्या बाबांचाच होता. मला हे कळलं ऑगस्टमध्ये. त्याच बंगळुरूत आपल्या बॅचचे चौघं राहतात.

आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज शंभर फुलं येतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण जेवणाच्या मांडवात मी एक वही ठेवली आहे. गाव, कोणते महिने, मुलगा की मुलगी, जेवण घरचं की नाही, एवढंच लिहायचं. ज्यांच्याकडे जागा नाही त्यांनी दोन महिन्यांची उचल किती देता येईल ते लिहावं, काम संपल्यावर परत मिळेल या बोलीवर. वही शाळेत मुख्याध्यापकांकडे राहील. अर्ज सहसा हिवाळ्यात भरतात, तेव्हा दिवाळीपर्यंत ती भरली पाहिजे. पहिल्या ओळीत मी लिहिलं आहे: पुणे, मे-जून, एक मुलगी, जेवण घरचं, मासे रविवारी.