तीन वेच्यांचा सदिश



अकरावी-बारावीत मुलांना सदिश भेटतो तो बाणाच्या रूपात. त्याला लांबी असते, दिशा असते. पुढे हीच मुलं इंजिनिअरिंगला जातात, संगणकासमोर बसतात आणि बाण शोधू लागतात. पडद्यावर मात्र नुसते आकडे, चौकटी कंसात ओळीने बसलेले. माझं आजचं सांगणं एवढंच, की ती ओळ हाच सदिश आहे आणि आकड्याची जागा हाच त्याचा अर्थ.

आपल्या कपाशीचंच घेऊ. समजा, पहिल्या वेच्याला, म्हणजे वेचणीच्या पहिल्या फेरीला, ४ क्विंटल कापूस निघाला, दुसऱ्याला ७, तिसऱ्याला ३. फ्रान्सच्या इन्रिया संस्थेत घडलेलं, फुकट मिळणारं सायलॅब हे गणिती सॉफ्टवेअर उघडा आणि लिहा: [४ ७ ३]. फक्त अंक इंग्रजी कळांनी उमटवा. झाला आडवा सदिश! मधे अर्धविराम द्या, [४; ७; ३], की तो उभा होतो.

मुलं विचारतात, आडवा-उभा यानं काय बिघडतं? पाहा. समजा, तीन वेच्यांना भाव मिळाले ७०००, ७२०० आणि ६८०० रुपये. वजनं आडवी, भाव उभे ठेवून गुणा. एकच आकडा येतो, ९८,८००. ही हंगामाची रक्कम. आता वजनं उभी आणि भाव आडवे करा. नऊ खणांचा तक्ता येतो. तिरक्या रेषेत २८,०००, ५०,४००, २०,४०० या खऱ्या रकमा. उरलेल्या सहा खणांत एका वेच्याचा कापूस दुसऱ्याच्या भावानं विकलेला! दोन्ही आडवे ठेवले तर सायलॅब गुणाकार नाकारतं. गुणाकाराच्या तारकेआधी टिंब दिलं, की जोडीला जोडी लावून तीन रकमा सरळ हाती येतात.

प्रत्येक आकडा हातानंच लिहावा लागतो असंही नाही. महिन्याच्या १ तारखेला आठवडी बाजार असेल, तर १:७:३० एवढंच लिहा. १, ८, १५, २२, २९ अशा बाजाराच्या तारखा तयार. सुरुवात, टप्पा, शेवट, बस्स.

हे शिकायला आपलं नेर गाव सोडावं लागत नाही. आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात सायलॅबचे धडे मराठीतून ऐकायला मिळतात. आपल्या भाषेत पहिला धडा मिळाला, की भीती निम्मी सरते.

पालकहो, एक विनंती. घरचं मूल असे आकडे मांडत असेल, तर जवळ बसा आणि विचारा, ‘यातला दुसरा आकडा कशाचा?’ यंत्र वेचा ओळखत नाही, क्विंटल ओळखत नाही. ७ हा दुसऱ्या वेच्याचा कापूस, हे शेत पाहिलेल्यालाच ठाऊक. ते ज्ञान तुमच्याकडे आहे. ते मुलाच्या ओळीत उतरू द्या.