चित्रपटातील भाववातावरण : कॅमेरा आणि ध्वनी
(ग्रंथालयाच्या शताब्दी महोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ग्रंथालयाच्या शताब्दीत चित्रपटावर व्याख्यान कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. तो रास्त आहे. मी मराठी वाङ्मयाचा अध्यापक. कॅमेरा हा माझा व्यवसाय नव्हे. परंतु वाङ्मयाच्या वर्गात आम्ही चित्रपटाविषयी बोलतो तेव्हा कथानक, संवाद आणि गीते यांपलीकडे सहसा जात नाही. म्हणजे चित्रपटात जेवढे पुस्तकासारखे आहे तेवढेच वाचतो आणि जे खऱ्या अर्थाने चित्रपटाचे आहे ते तसेच सोडून देतो. हा व्यवहार फार काळ चालला आहे. म्हणून आज, पुस्तकांच्या या घरात उभे राहून, मी दुसऱ्या बाजूविषयी बोलणार आहे.

कादंबरीकाराच्या हाती विशेषण असते. ‘उदास संध्याकाळ’ असे दोन शब्द त्याने लिहिले की निम्मे काम झाले. उरलेले वाचक करतो. चित्रपटाला विशेषण नाही. कॅमेऱ्यासमोर संध्याकाळ ठेवली तर ती केवळ संध्याकाळ असते. ती उदास व्हायची तर माणूस चित्रचौकटीत किती लहान दिसावा, प्रकाश कोणत्या बाजूने यावा, दृश्य किती वेळ पडद्यावर राहावे आणि त्या वेळात कानावर काय पडावे, हे सारे ठरवावे लागते. आपल्या साहित्यशास्त्राने ज्याला उद्दीपन विभाव म्हटले, म्हणजे भावना चेतवणारे वातावरण, त्याची घडण चित्रपटात छायालेखक आणि ध्वनिमुद्रक यांच्याकडे जाते. नायकनायिका हे आलंबन. पण त्यांच्याभोवतीची हवा या दोघांची.

यातला एक भाग आपल्या ओळखीचा आहे. चांगला कीर्तनकार आख्यानाच्या ऐन प्रसंगी टाळ-मृदंगाला हाताने थांबवतो आणि पुढचे वाक्य हलक्या आवाजात बोलतो. मागे बसलेले लोकही मान पुढे करतात. इतका वेळ नाद चालू होता म्हणून त्या थांबण्याला वजन येते. ध्वनीचे पहिले तत्त्व हेच आहे, आणि ते शिकण्यासाठी चित्रपटगृहात जाण्याची गरज आपल्याला कधीच नव्हती.

आता मराठी चित्रपटाकडे वळू. १९३२ साली ‘प्रभात’चा ‘अयोध्येचा राजा’ आला आणि मराठी पडदा बोलू लागला. त्या आरंभीच्या दिवसांत ध्वनी ही सोय कमी आणि अडचण अधिक होती. कॅमेऱ्याच्या यंत्राचा आवाज मायक्रोफोनमध्ये शिरू नये म्हणून तो बंदिस्त करावा लागे. त्यामुळे मूकपटाच्या काळात मोकळा हिंडणारा कॅमेरा जागच्या जागी खिळून गेला. पार्श्वगायनाची पद्धत अजून रुळायची होती. नट प्रत्यक्ष गात आणि वादक चौकटीबाहेर, झाडाझुडपांच्या किंवा पडद्यांच्या आड बसून साथ करीत. शिवाय प्रेक्षक संगीत नाटकावर वाढलेला. बोलपट म्हणजे गाणी, हे समीकरण त्याच्या मनात पक्के होते.

या अडचणीतून ‘प्रभात’ किती लवकर बाहेर पडली याचा पुरावा म्हणजे १९३४ चा ‘अमृतमंथन’. १९३३ साली ‘सैरंध्री’च्या रंगप्रक्रियेच्या निमित्ताने व्ही. शांताराम जर्मनीला गेले होते. तेथील चित्रपटांतल्या गडद छायाप्रकाशाचे संस्कार ‘अमृतमंथन’वर स्पष्ट दिसतात. दूरचे जवळ आणणारी टेलिफोटो लेन्स त्यांनी या चित्रपटात वापरली, आणि राजगुरूचा डोळा सबंध पडदा व्यापतो ते समीपदृश्य अजूनही सांगितले जाते. मराठी आवृत्तीत ही भूमिका केशवराव दाते यांची, हिंदीत चंद्रमोहन यांची. एका डोळ्याने धर्मसत्तेची दहशत उभी केली. रंगभूमीवर हे शक्यच नाही. तिथे शेवटच्या रांगेतल्या माणसाला नटाचा डोळा दिसतच नाही.

परंतु माझ्या मते खरे धाडस तीन वर्षांनंतरचे आहे. १९३७ चा ‘कुंकू’. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा हा चित्रपट. हिंदीत तो ‘दुनिया न माने’ या नावाने निघाला. अनाथ, तरुण नीराचे लग्न फसवून काकासाहेब या प्रौढ विधुर वकिलाशी लावले जाते आणि ती मुलगी या लग्नाला मनाने व देहाने मान्यता देण्याचे नाकारते. नीरा झाल्या शांता आपटे. काकासाहेब पुन्हा केशवराव दाते. छायालेखन व्ही. अवधूत यांचे. संगीत केशवराव भोळे यांचे होते, आणि तरीही शांतारामांनी या चित्रपटात पार्श्वसंगीत ठेवले नाही. जे ऐकू येते ते त्या घरातले आणि त्या रस्त्यावरचे.

हा निर्णय केवढा मोठा होता हे कळण्यासाठी ‘संगीत शारदा’ आठवावे. देवलांचे हे नाटक १८९९ चे. विषय तोच, जरठकुमारी विवाहाचा. पण शारदेचे दुःख पदांतून वाहते. सूर लागला की प्रेक्षकाचे डोळे पाणावतात आणि पाणावले की मन हलके होते. मी देवलांना उणे लेखत नाही. त्या नाटकाने समाजाला हलवले हे आपण जाणतोच. परंतु ‘कुंकू’मध्ये ही हलके होण्याची वाट बंद केलेली आहे. नीरा अंधाऱ्या खोलीत उभी असते तेव्हा तिच्या बाजूने रडणारी सारंगी नाही. घर गप्प असते, आणि त्या घरात बसल्यासारखे आपणही अवघडतो. तिचा निर्धार आपल्याला गोड करून दिला जात नाही.

या शांततेत वस्तू बोलू लागतात. भिंतीवरचे जुने घड्याळ घ्या. त्याची टिकटिक एरवी कोणाच्या लक्षातही येणार नाही. वाद्यवृंद चालू असता तर ती बुडूनच गेली असती. इथे ती काकासाहेबांच्या सरत्या वयाची नोंद ठेवते. मिशीला कलप लावणारा हा गृहस्थ आरशापुढे उभा राहतो, आणि पुढे फुटक्या आरशाच्या तुकड्यांतून त्याचीच अनेक तोंडे त्याला वेडावतात. तिथे कॅमेऱ्याने जे केले ते कादंबरीकाराला एक सबंध परिच्छेद खर्चून करावे लागले असते. आणि गंमत अशी, की आपण काकासाहेबांचा तिरस्कार करीत नाही. कॅमेरा त्यांच्याही इतका जवळ जातो की त्यांची लाज आपल्याला कळते. नीरेचा नकार आणि त्यांची लाज, दोन्ही एकाच वेळी प्रेक्षकाच्या ओंजळीत ठेवणे, हे या चित्रपटाचे यश आहे. पार्श्वसंगीत असते तर त्याला कोणाची तरी एकाची बाजू घ्यावीच लागली असती.

पार्श्वसंगीत हे चित्रपटातले विशेषण आहे असे मला वाटते. नेमके वापरले तर शोभते. ऊठसूट वापरले तर भाषा फुगते, हे आम्ही निबंध तपासणारे लोक रोज पाहतो. आजच्या दूरचित्रवाणी मालिकांत सासूने भुवई उंचावली तरी तिचा चेहरा तीनदा दाखवतात आणि तीनदा विजेचा कडकडाट होतो. एवढ्या मेघगर्जनेत औरादला एखादे वर्ष अवर्षणाचे जायला नको होते! विनोद सोडा. पण अशा आवाजाची सवय झालेल्या कानाला शांतता ऐकू येईनाशी होते, आणि कोणीतरी सांगितल्याखेरीज रडू येत नाही, ही अवस्था काही बरी नव्हे.

‘कुंकू’ने दाखवलेली ही वाट पुढे कोणी चाललेच नाही, असे मात्र नाही. आपल्या शेजारच्या कन्नड भाषेत गिरीश कासारवळ्ळी यांनी १९७७ साली ‘घटश्राद्ध’मध्ये कृष्णधवल चित्रणातून संयमाचा तोच धर्म पाळला. मराठीत २०१४ च्या ‘कोर्ट’मध्ये चैतन्य ताम्हाणे यांचा कॅमेरा न्यायालयाच्या एका कोपऱ्यात, पक्षकारासारखा, कंटाळत बसून राहतो, शेवटाकडे ती खोली रिकामी होते, दिवे मालवले जातात आणि अंधार बराच वेळ तसाच ठेवलेला आहे. परंतु मी थोडे सविस्तर बोलणार आहे ते नागराज मंजुळे यांच्या दोन चित्रपटांविषयी.

‘फँड्री’ २०१३ चा. गावाने डुकरे धरण्याचे काम ज्या कुटुंबावर लादले आहे, त्यातला जब्या हा शाळकरी मुलगा. शाळेजवळ सगळे कुटुंब डुकराच्या मागे धावत असते, बघे हसत असतात, आणि डुक्कर हाती येणार तोच शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येतात. कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते. डुक्कर मात्र चालते. इथे संगीत बाहेरून चिकटवलेले नाही. ते त्या गावातले, त्या शाळेतले आहे. कॅमेरा काही टिप्पणी करीत नाही, फक्त उभ्या राहिलेल्या माणसांकडे पाहतो. हसू येते, आणि हसताना आपण कोणाच्या रांगेत बसलो आहोत हे ध्यानात येऊन ते घशातच अडकते. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो आणि पडदा काळा होतो. इतका वेळ आपण सुरक्षित जागेवरून पाहत होतो. ती जागा तो दगड हिरावून घेतो.

‘सैराट’ २०१६ चा. आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला. त्याच्या पूर्वार्धात कॅमेरा उंच जातो, विहिरीवर, शेतांवर मोकळा हिंडतो. अजय-अतुल यांचे संगीत अमेरिकेत पाश्चात्त्य वाद्यवृंदासह मुद्रित केलेले. पुष्कळांना हे सारे अतिरेकी वाटले. मला तसे वाटत नाही. ती त्या दोन मुलांची स्वतःच्या प्रेमाविषयीची कल्पना आहे, आणि सोळाव्या वर्षी कल्पना वाद्यवृंदासहच येते. पुढे आर्ची आणि परश्या हैदराबादेत जातात. आकाश संपते, खोल्या अरुंद होतात, आणि कानावर तेलुगू येऊ लागते.

इथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. पुण्याच्या प्रेक्षकाला ती तेलुगू म्हणजे परकेपणाचा ध्वनी. न कळणाऱ्या आवाजांच्या कोंडाळ्यात तोही त्या मुलांबरोबर हरवतो. आपले तसे होत नाही. १९५६ पर्यंत आपला बीदर जिल्हा हैदराबाद राज्यात होता. आपल्या बाजारात मराठी, कन्नड, उर्दू आणि थोडी तेलुगू एकाच दुकानात ऐकू येते, आणि कामासाठी हैदराबादला गेलेला माणूस ज्याच्या घरी नाही असा वाडा इथे विरळा. म्हणून त्याच ध्वनीने आपल्या मनात वेगळी भावना जागी होते : परक्या मुलुखाचे भय कमी आणि तिथल्या भाड्याच्या खोलीची ओळख अधिक. ध्वनीने निर्माण होणारे वातावरण पडद्यावर अर्धेच असते. अर्धे ऐकणाऱ्याच्या कानात आधीपासून असते. चित्रपटाची समीक्षा महानगरांत लिहिली जाते, म्हणून हा अर्धा भाग सहसा नोंदला जात नाही. तो आपणच नोंदवायचा आहे.

आणि मग तो शेवट. माहेरची माणसे येऊन गेली आहेत. लहान मूल शेजारणीबरोबर घरी परतते, आत येते, आईवडिलांना पाहते. त्या क्षणी चित्रपटातला सगळा ध्वनी काढून घेतलेला आहे. मूल रडते ते दिसते, ऐकू येत नाही. ते बाहेर चालू लागते आणि फरशीवर रक्ताची लहान पावले उमटत जातात. दोन तास ज्या चित्रपटाने आपल्याला नाचवले, त्याच्याकडे त्या क्षणासाठी एकही सूर नाही. समजा, तिथे व्हायोलिनची एक आर्त तान टाकली असती. आपण रडून मोकळे झालो असतो, ‘फार करुण प्रेमकथा’ म्हणत घरी गेलो असतो, आणि जातीच्या अहंकारापायी झालेला एक खून शोकांतिकेच्या सुंदर वस्त्रात गुंडाळला गेला असता. ध्वनी नसल्यामुळे तो खूनच राहतो. मी हा चित्रपट चित्रपटगृहात पाहिला तेव्हा दिवे लागल्यावरही काही वेळ कोणी उठले नाही.

आता बहुतेक चित्रपट हातातल्या फोनवर पाहिले जातात. त्याला इलाज नाही, आणि लहान गावात दुसरी सोय उरलेली नाही हेही खरे. पण त्या इवल्या यंत्रातून घड्याळाची टिकटिक येत नाही. शांतता तर येतच नाही, तिच्या जागी घरातला पंखा ऐकू येतो. म्हणून ग्रंथालयाच्या चालकांना एक सूचना करतो. वर्षातून चार संध्याकाळी या सभागृहात, बरा ध्वनिक्षेपक लावून, काळोख करून, एकेक चित्रपट सर्वांनी मिळून पाहावा. आरंभ ‘कुंकू’ने व्हावा. त्याआधी महिनाभर ‘न पटणारी गोष्ट’ सभासदांत फिरवावी, म्हणजे आपटे यांनी शब्दांनी काय केले आणि शांतारामांनी शब्द गाळून काय केले, हे ताडून पाहता येईल. पहिल्या प्रयोगाला चर्चा चालवण्याची जबाबदारी मी आनंदाने घेईन; चहाची ग्रंथालयाने घ्यावी.