इंडेक्स आहे, तरी क्वेरी हळू का?

"अहो, इंडेक्स लावलाय, तरी क्वेरी रखडतेच!" ही तक्रार डेव्हलपर मंडळींकडून नेहमी ऐकू येते. मग उपाय काय होतो? आणखी एक इंडेक्स, नाहीतर मोठा सर्व्हर. बऱ्याचदा यातल्या कशाचीच गरज नसते. चुकलेला असतो तो कॉलमांचा क्रम. आज त्याबद्दलच बोलू.

मतदानाच्या दिवशी बूथबाहेरचं टेबल आठवा. मतदारयादी भागवार असते, आणि प्रत्येक भागात अनुक्रमांक. तुम्ही 'भाग १२, अनुक्रमांक ४०५' म्हणालात की कार्यकर्ता लगेच पान काढतो. नुसतं '४०५' म्हणालात तर? ४०५ बहुतेक प्रत्येक भागात आहे. सगळे गठ्ठे उलटा आता! दोन कॉलमांचा इंडेक्स असाच असतो. पहिला कॉलम माहीत नसेल, तर दुसऱ्याचा साधारणपणे फारसा उपयोग होत नाही.

आता समजा, वीजबिलांचं एक टेबल आहे. २ कोटी नोंदी. काउंटरवर माणूस उभा आहे आणि त्याची गेल्या वर्षभरातली बिलं हवी आहेत, नवीन बिल आधी. इंडेक्स 'तारीख, ग्राहक क्रमांक' असा असेल, तर त्या वर्षातल्या सगळ्या ग्राहकांच्या नोंदी चाळल्या जातात. 'ग्राहक क्रमांक, तारीख' असा केलात की डेटाबेस थेट त्या ग्राहकापाशी पोचतो आणि सलग १२ नोंदी उचलतो. त्या तारखेनुसार लावलेल्याच असतात, म्हणजे वेगळं सॉर्टिंगही वाचलं. थोडक्यात, 'बरोबर इतकं'ची अट आधी, 'पासून-पर्यंत'ची नंतर.

थेट पोचतो म्हणजे कसा? इथे बी-ट्री येतं. रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅकक्राइट यांनी बोइंगमध्ये काम करताना ते मांडलं, १९७० च्या सुमारास. एका पानात ३०० नोंदी धरा. तीन पायऱ्यांत ३०० गुणिले ३०० गुणिले ३००, म्हणजे २ कोटी ७० लाख. आपलं अख्खं टेबल तीन पायऱ्यांत बसलं!

पण क्रम बरोबर असूनही घोळ होतो. अटीत तारखेतून वर्ष काढणारं फंक्शन लावलंत, तर इंडेक्स तारखेवर आहे आणि तुम्ही विचारताय वर्ष. जुळणार कसं? त्याऐवजी १ जानेवारीपासून पुढच्या १ जानेवारीच्या आधीपर्यंत, अशी अट लिहा.

मग प्रत्येक कॉलमवर इंडेक्स लावून टाकू का? नको. नवीन नोंद आली की ती प्रत्येक इंडेक्समध्येही लिहावी लागते. सहा इंडेक्स म्हणजे सहा जादा कामं, शिवाय डिस्कवरची जागा.

म्हणून अंदाजावर जाऊ नका, एक्स्प्लेन चालवून बघा. पोस्टग्रेसमध्ये एक्स्प्लेन अ‍ॅनलाइझ क्वेरी खरोखर चालवतं, त्यामुळे डिलीटच्या क्वेरीवर वापरताना सांभाळून. आणि चालू सिस्टिमवर इंडेक्स बनवताना कॉन्करंटली हा शब्द विसरू नका. नाहीतर इंडेक्स तयार होईपर्यंत टेबलात नवीन नोंदी थांबतात, आणि काउंटरवरची रांग वाढत जाते.

आज घरचा अभ्यास एकच. तुमची सगळ्यात हळू क्वेरी घ्या, तिच्या अटी कागदावर लिहा आणि इंडेक्सचा क्रम त्यांच्याशी ताडून बघा. भेटू पुढच्या भागात.